शाळेतून ‘२.४ शिक्षक’ कमी होतात, म्हणजे नेमकं काय होतं?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या हायस्कूलमधून ईमेल आला. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, घटता पट, कठीण निर्णय असा नेहमीचा मजकूर होता आणि मध्येच एक वाक्य: शिक्षकांची २.४ पदं आणि काउन्सेलरचं १ पद कमी होणार. रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते आधी हसले आणि मग म्हणाले, “दोन समजले. तो पॉइंट चार मास्तर कोणता गं? डोक्याकडचा की पायाकडचा?”

मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मूल नववीपर्यंत आलं, तरी शाळेत किती माणसं असावीत हे कोण आणि कसं ठरवतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मग शाळेच्या दोन बैठकांना गेले, वही-पेन्सिल घेऊन बसले आणि हिशेब मांडला. तोच इथे मांडते. आमच्या शाळेचे आकडे थोडे गोल केलेत, म्हणजे भागाकार तोंडी करता येतील.

पहिली गोष्ट त्या दशांशाची. इथे पदं मोजण्याचं माप आहे ‘एफटीई’, म्हणजे पूर्णवेळच्या एका नोकरीइतकं काम. हे माप माणसांचं नाही, कामाचं आहे. इथल्या हायस्कूलमध्ये ‘नववी ब’ अशी बांधलेली तुकडी नसते. शिक्षक बहुतेक आपापल्या खोलीत बसतात आणि दर तासाला घंटा झाली की मुलंच दप्तर घेऊन खोल्या बदलतात. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं. एकाच वयाच्या दोन मैत्रिणींपैकी एक भूमितीच्या तासाला, दुसरी बीजगणिताच्या. त्यामुळे ‘एक विषय, एक तास, एक खोली, एक शिक्षक’ हे एकक, त्याला सेक्शन म्हणतात. आमच्या शाळेत दिवसाचे ७ तास. शिक्षक त्यांतले ५ शिकवतो. एक तास तयारीचा आणि एक इतर कामाचा, म्हणजे अभ्यासिकेवर देखरेख किंवा जेवणाच्या सुट्टीत मुलांवर नजर ठेवणं वगैरे. पाच सेक्शन म्हणजे एक पद, तर एक सेक्शन म्हणजे ०.२ पद. २.४ पदं म्हणजे १२ सेक्शन. आणि बाबांचा पॉइंट चार मास्तर म्हणजे दोन सेक्शन.

“असं बोल की,” बाबा म्हणाले. “माणूस नाही कापला, तास कापले. ही आमची संचमान्यताच झाली.”

संचमान्यता म्हणजे पटावरून शाळेची पदं ठरवायची आपल्याकडची पद्धत. जवळपास तेच. पण तास कापले म्हणजे माणूस सुटला असं नाही. आमच्याकडच्या फ्रेंचच्या बाई, त्यांना मुलं मादाम म्हणतात, त्या गेली दोन वर्षं ०.६ आमच्याकडे आणि ०.४ शेजारच्या मिडल स्कूलमध्ये आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्या गाडीत सँडविच खात खात एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये जातात. कागदावर त्या एक पूर्ण पद. पण दोन्ही शाळांच्या बैठका, दोन्हीकडचे पालक, दोन्हीकडची हजेरीची सॉफ्टवेअरं हा सगळा व्याप दुप्पट. आणि ज्यांना दुसरी शाळा मिळत नाही त्यांचं पद नुसतंच ०.६ होतं. पगार तेवढाच, आरोग्य विम्याचा हप्ता मात्र अनेकदा वाढलेला.

आता सगळ्यांत फसवा आकडा. शाळेच्या माहितीपत्रकात, घरं विकणाऱ्यांच्या जाहिरातीत, सरकारी तक्त्यात एक गुणोत्तर असतंच: एका शिक्षकामागे किती विद्यार्थी. अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा देशभरचा आकडा साधारण १५ सांगतात. तो वाचून आपण मनात पंधरा बाकांचा वर्ग बघतो. मुलगी मात्र घरी येऊन सांगते, आज इतिहासाला खुर्ची कमी पडली.

दोन्ही खरं असू शकतं. आमच्या शाळेत १२०० मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाला ७ तास कुठेतरी बसायचंय, म्हणजे रोज ८४०० ‘जागा’ लागतात. एका सेक्शनला सरासरी २८ मुलं धरली तर ३०० सेक्शन झाले. शिक्षक पाच-पाच सेक्शन घेतात, म्हणून ६० शिक्षक. १२०० भागिले ६० म्हणजे २०. शिक्षकामागे मुलं २० आणि वर्गात मुलं २८. मधल्या आठांचं कारण एवढंच, की मूल सात तास शिकतं आणि शिक्षक पाच तास शिकवतो. यात कुणी कामचुकार नाही. तयारीचा तास काढून घेतला तर वर्ग लहान होतील, पण मग शिकवायची तयारी कधी करायची?

आणखी पुढे. या साठांखेरीज शाळेत विशेष शिक्षणाचे शिक्षक असतात, नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचे असतात, कुणी दुसऱ्या शिक्षकासोबत त्याच वर्गात उभं राहून शिकवणारं असतं. असे १५ धरले तर एकूण ७५ आणि गुणोत्तर १६. जाहिरातीत १६ आणि खोलीत २८, यात कुणी खोटं बोललेलं नाही.

त्या २८ मध्येही गंमत आहे. समजा दोनच सेक्शन आहेत, एकात १२ मुलं, दुसऱ्यात ३६. शाळा म्हणणार सरासरी २४. पण त्या ४८ मुलांना एकेक करून विचारा, “तुझ्या वर्गात किती जण?” बारा जण ‘१२’ सांगतील, छत्तीस जण ‘३६’ सांगतील, आणि उत्तरांची सरासरी येईल ३०. मोठ्या वर्गात जास्त मुलं असतात, म्हणून मोठ्या वर्गाचा अनुभव जास्त मुलांना येतो. वाचायला बावळट वाटतं, पण शाळेचा आकडा आणि घरी ऐकू येणारी तक्रार यांच्यातलं बरंचसं अंतर इथेच आहे. म्हणून बैठकीत सरासरी विचारू नये. ३२ च्या वर किती सेक्शन आहेत आणि कुठल्या विषयांचे, ते विचारावं.

दुसऱ्या बैठकीत उपमुख्याध्यापकांनी आम्हाला त्यांच्या खोलीतला फळा दाखवला. सॉफ्टवेअर आहे, तरी त्यांचा जीव या फळ्यात. उभ्या रांगा सात, तासांच्या. आडव्या रांगा शिक्षकांच्या नावांच्या. प्रत्येक चौकोनात एक रंगीत लोहचुंबक, एक चुंबक म्हणजे एक सेक्शन. गणित निळं, इंग्रजी पिवळं, विज्ञान हिरवं. “आता यातली बारा काढायची,” ते म्हणाले आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

पट तेवढाच ठेवून १२ चुंबकं काढली तर ८४०० जागा २८८ सेक्शनमध्ये वाटायच्या, सरासरी २८ वरून २९.२ वर. दर वर्गात एक मूल जास्त, एवढ्याने काय बिघडतं? पण घाव असा सारखा वाटून बसत नाही. बीजगणिताचे चार सेक्शन आहेत, प्रत्येकी २७, एकूण १०८ मुलं. त्यातला एक काढला की उरलेले तीन थेट ३६ वर जातात. सत्तावीसवरून अठ्ठावीस असा पर्यायच नाही. तिसऱ्या वर्षाच्या फ्रेंचचा एकच सेक्शन, १३ मुलं. तो काढला तर कुणाचाच वर्ग फुगत नाही, फक्त फ्रेंच-३ हा विषय शाळेतून नाहीसा होतो. एकशे आठ मुलांचं थोडं थोडं घ्यायचं की तेरांचं सगळं घ्यायचं? दोन्ही उत्तरं चुकीचीच, आणि उपमुख्याध्यापकांना त्यातलं एक शुक्रवारपर्यंत निवडायचं होतं.

असे एकुलते एक सेक्शन वेळापत्रकाचे खिळे असतात. फ्रेंच-३ पाचव्या तासाला, ऑर्केस्ट्रा पाचव्या तासाला, वरच्या पातळीचं भौतिकशास्त्रही पाचव्यालाच पडलं, तर व्हायोलिन वाजवणाऱ्या, फ्रेंच घेतलेल्या आणि भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलीला दोन विषय सोडावे लागतात. लहान शाळेत पदं कमी झाली की प्रत्येक विषयाचे सेक्शन कमी होतात, एकुलते वाढतात आणि मुलांची ओढाताण त्याहून वेगाने वाढते. विद्यापीठांच्या अटीही इथे भर घालतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाला प्रवेशासाठी परदेशी भाषेची दोन वर्षं सक्तीची आहेत, तिसऱ्याची नुसती शिफारस. साहजिकच कात्री लागते ती तिसऱ्या वर्षाला.

कुठलं चुंबक जाणार हे नेहमी विचारपूर्वक ठरतं असंही नाही. प्रशासनाला कुणाला घरी पाठवायला नको असतं, म्हणून पहिला डोळा निवृत्त होणाऱ्यांवर. रसायनशास्त्राचे सर या वर्षी निवृत्त होत असतील तर त्यांची जागा भरायची नाही. पटाने इतिहासातून दोन सेक्शन कमी करायला सांगितले असतील, पण निवृत्ती रसायनशास्त्रातून आली. निवृत्त्या पुरल्या नाहीत तर बऱ्याच शालेय जिल्ह्यांत (म्हणजे इथे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) सेवाज्येष्ठता: शेवटी आलेला आधी जातो. मुलांना आवडणारी तरुण बाई जाते तेव्हा पालक चिडतात, पण पर्यायाचा विचार केला की तितकं सोपं राहत नाही. ज्येष्ठता नसती तर महागडा शिक्षक आधी गेला असता, आणि महागडा म्हणजे अनुभवी.

वर्ग मोठा झाल्याने शिक्षणाचं काय होतं, यावर वाद जुना आहे. सगळे ज्याचं नाव घेतात तो प्रयोग टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ मध्ये झाला. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन प्रकारच्या वर्गांत वाटले: १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ चे नेहमीचे, आणि नेहमीच्या आकाराचे पण सोबत पूर्णवेळ मदतनीस असलेले. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक दिसला नाही. पण ही मुलं बालवाडी ते तिसरीची होती. सोळा वर्षांच्या मुलांच्या बैठकीत हा दाखला दिला की मला कानकोंडं होतं, दाखला देणारा माझ्या बाजूचा असला तरी.

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये खालच्या इयत्तांचे वर्ग २० वर आणायला पैसे दिले, तेव्हा एकाएकी हजारो शिक्षक लागले आणि अप्रशिक्षित माणसं भरावी लागली. फ्लोरिडात २००२ साली मतदारांनी थेट राज्यघटनेत मर्यादा घातली, हायस्कूलला २५. मर्यादा ‘मूळ’ विषयांना लागू होती, म्हणून पुढे कुठले विषय मूळ मानायचे ती यादीच आखूड करण्यात आली. न्यूयॉर्क शहरासाठी २०२२ मध्ये झालेल्या कायद्यातही हायस्कूलचा आकडा २५ च आहे आणि तो टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत गाठायचा आहे. आकडा कायद्यात लिहिता येतो, पण त्या आकड्याला लागणारे शिक्षक आणि खोल्या कायद्याने तयार होत नाहीत.

माझ्यापुरता पुरावा इंग्रजीच्या बाईंच्या टेबलावर आहे. पाच सेक्शन, प्रत्येकी २८, एकूण १४० मुलं. प्रत्येकाने एक निबंध लिहिला आणि बाईंनी तो दहा मिनिटांत तपासला, तर १४०० मिनिटं, म्हणजे २३ तास २० मिनिटं. वर्ग ३३ चे झाले की १६५ निबंध, साडेसत्तावीस तास. तयारीचा तास रोज एक. मग वर्ग बंद पडत नाहीत, निकालही एकदम घसरत नाहीत. फक्त चार पानी निबंधाचा एक परिच्छेद होतो, महिन्याला दोन लेखनं होती त्याचं एक होतं आणि समासात लिहिलेल्या शेऱ्याच्या जागी नुसती बरोबरची खूण येते. हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. लेकीच्या वहीत दिसतं.

इथपर्यंत बाबांच्या पॉइंट चारची गोष्ट झाली. त्या ईमेलमधला पूर्णांक राहिलाच: काउन्सेलरचं १ पद. बैठकीत त्यावर जवळजवळ कुणी बोललं नाही. मीही नाही.

कारण फळ्यावर त्यांचं चुंबक नसतं. शिक्षक कमी झाला तर २८ मुलांचा तिसरा तास रिकामा पडतो, तो भरावाच लागतो. काउन्सेलर कमी झाला तर कुणाचं वेळापत्रक रिकामं दिसत नाही. शाळेत अशी बिनघंटेची माणसं बरीच असतात: काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ती, नर्स, ग्रंथपाल. पैसे कमी पडले की नजर आधी तिकडे जाते.

काउन्सेलर म्हणजे काय, हे मला बाबांना समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. आपल्याकडच्या वर्गशिक्षकाचं, कारकुनाचं, कॉलेज-प्रवेशाच्या सल्लागाराचं आणि मनातलं ऐकून घेणाऱ्या मावशीचं काम एकाच माणसाकडे दिलं तर जे होईल ते. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस आहे की एका काउन्सेलरकडे २५० मुलं असावीत. २०२३-२४ मध्ये देशाची सरासरी होती ३७६. अॅरिझोनात हा आकडा ६०० च्या पुढे, व्हरमाँटमध्ये २५० च्या आत. आमच्याकडे १२०० ना चार होते, म्हणजे ३००. बऱ्यापैकी चांगलं.

वर्षाला १८० दिवस शाळा, दिवसाला सात तास, एकूण १२६० तास. प्रत्येक मिनिट मुलांसाठी दिलं, पाणी प्यायलाही उठलं नाही, तर ३०० मुलांमागे दर मुलाला वर्षभरात ४ तास १२ मिनिटं. यातूनच ऑगस्टमध्ये वेळापत्रकं बदलून द्यायची, पदवीला लागणारे क्रेडिट मोजायचे, मे महिन्यातल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांच्या बैठकव्यवस्थेत हात द्यायचा, अपंगत्व असलेल्या मुलांच्या सोयीसवलतींच्या बैठकांना बसायचं. संघटना म्हणते की ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सेवेत जावा. आमच्या काउन्सेलरबाई मला दोनदा कॅन्टीनच्या दारात वॉकीटॉकी घेऊन उभ्या दिसल्या आहेत.

आणि ऑक्टोबर. मुलांपैकी साधारण चौथा भाग बारावीचा, ७५ जण. कॉलेजच्या लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक १ नोव्हेंबर. प्रत्येकासाठी शिफारसपत्र आणि शाळेचा अहवाल, एकेक तास धरला तरी ७५ तास, तेही दीड-दोन महिन्यांत. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एका सहीसाठी गेले होते. दाराबाहेरच्या दोन खुर्च्यांवर बारावीची दोन मुलं लॅपटॉप उघडून बसलेली. भिंतीला टेकून नववीतली एक मुलगी उभी, हुडी डोळ्यांपर्यंत ओढलेली. बाई बाहेर डोकावल्या, तिच्याकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं आणि तिलाच आधी आत घेतलं. मी खुर्चीवर चाळीस मिनिटं थांबले. शिफारसपत्रं त्यांनी घरी जाऊन लिहिली असणार.

बाकीच्यांचं थोडक्यात. शाळेच्या मानसशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस ५०० मुलांमागे एक, प्रत्यक्षात देशभरचं प्रमाण हजाराच्या वर. त्यांचा बहुतेक वेळ मुलांच्या चाचण्यांत जातो, कारण पालकांनी संमती दिल्यापासून ६० दिवसांत किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत मूल्यमापन पूर्ण करणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलाशी नुसतं बोलत बसायला कायद्याने मुदत घातलेली नाही, म्हणून ते मागे पडतं. समाजकार्यकर्ती महिनाभर न आलेल्या मुलाच्या घरी जाते. नर्स इन्सुलिन देते, फिट आलेल्या मुलाजवळ बसते, आणि कित्येक जिल्ह्यांत मादामसारखीच गाडीतून शाळा बदलते.

याच्या अगदी उलट बाजूला आहेत विशेष शिक्षणाचे शिक्षक आणि वर्गातले मदतनीस. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ चा. त्यानुसार प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा, आयईपी, बनतो. त्यात आठवड्याला किती मिनिटं कोणती मदत ते लिहिलेलं असतं आणि ‘पैसे नाहीत’ हे कारण तिथे चालत नाही. परिणामी अंदाजपत्रकाचा एक भाग कायद्याने बांधलेला, कात्री उरलेल्यावरच. बैठकीत एक गृहस्थ म्हणालेच, “सगळे पैसे त्या मुलांवर जातात.” सभागृहात त्या मुलांचे आईवडीलही बसलेले होते. या खर्चाचा मोठा वाटा, सरासरी विद्यार्थी-खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, केंद्र उचलेल असं १९७५ मध्येच म्हटलं गेलं होतं. तो शब्द आजवर एकाही वर्षी पूर्ण पाळला गेलेला नाही. राग यायचाच असेल तर पत्ता तिकडचा आहे.

बिनघंटेच्या माणसांसाठी शिक्षकांनी संपही केलेत. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसचे शिक्षक सहा दिवस संपावर गेले. तडजोडीत लहान वर्गांसोबत प्रत्येक शाळेला पूर्णवेळ नर्स, मिडल आणि हायस्कूलला ग्रंथपाल आणि ५०० मुलांमागे एक काउन्सेलर मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोत शाळेचे अकरा दिवस बुडाले आणि प्रत्येक शाळेत नर्स व समाजकार्यकर्ता टप्प्याटप्प्याने देण्याचं ठरलं. लॉस एंजेलिसचा आकडा पुन्हा वाचा. सहा दिवस पावसात उभं राहून जो जिंकला, तो ५०० चा आकडा शिफारशीच्या दुप्पट आहे.

हे सगळं नेमकं मार्चमध्येच का येतं? कारण पुढच्या वर्षाच्या नोकऱ्या राहणार की नाही ते वसंतातच कळवावं लागतं. कॅलिफोर्नियात १५ मार्च ही कायद्यातली तारीखच आहे. तेव्हा पुढचा पट नुसता अंदाज असतो. राज्याचं अंदाजपत्रकही बहुतेक ठिकाणी मंजूर व्हायचं असतं. म्हणून नोटिसा जास्त निघतात आणि मे-जूनमध्ये काही मागे घेतल्या जातात. तोवर चांगला शिक्षक दुसरीकडे अर्ज करून मोकळा झालेला असतो.

या काही वर्षांत दोन गोष्टी एकदम आल्या. कोविडकाळात केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले आणि त्यातून अनेक जिल्ह्यांनी काउन्सेलर, नर्स, समाजकार्यकर्ते नेमले. शेवटच्या हप्त्याचा विनियोग ठरवायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. माणसं नेमली ती गरज कायमची होती म्हणून, पैसे मात्र तात्पुरते होते. दुसरी गोष्ट जन्मांची. २००७ साली अमेरिकेत सुमारे ४३ लाख मुलं जन्मली, तो उच्चांक. २०२३ मध्ये ३६ लाखांच्या आसपास. २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठराची झाली, म्हणजे हायस्कूलमधून सगळ्यांत मोठी लाट बाहेर पडली आणि मागून येणाऱ्या लाटा लहान आहेत.

आमच्या शाळेच्या ईमेलमध्ये पट ४० ने घटणार असं होतं. हा आकडा आधी मी नीट पाहिलाच नव्हता. चाळीस मुलं कमी म्हणजे चार इयत्तांत दहा-दहा. त्याने कुठलीच खोली रिकामी होत नाही, पण पैसे मुलामागे येतात, ते चाळीस मुलांचे जातात. ४० गुणिले ७ म्हणजे २८० जागा, २८ च्या वर्गाने १० सेक्शन, म्हणजे बरोबर २ पदं. वर्ग आहेत तेवढेच ठेवायचे तर दोन पदं जाणारच होती. खरी कपात फक्त उरलेल्या ०.४ ची. ११६० मुलं, २८८ सेक्शन, सरासरी २८.२.

म्हणजे बाबांचा पॉइंट चार मास्तर हीच शिक्षकांतली खरी कपात होती, आणि सरासरीत ती पाव मुलाइतकीही नव्हती. आणि काउन्सेलर? चारांचे तीन. ११६० भागिले ३ म्हणजे ३८७. मुलं ३ टक्क्यांनी कमी झाली, काउन्सेलर २५ टक्क्यांनी. ३०० वर असलेली शाळा एका ओळीच्या वाक्यात देशाच्या सरासरीच्याही मागे गेली. मुलामागचे ते ४ तास १२ मिनिटं आता सव्वातीन तास.

अशी पत्रं आली तर आधी पट किती बदलतोय ते शोधा. मग पदांची टक्केवारी पटाच्या टक्केवारीशेजारी लिहा, प्रत्येक प्रकारच्या पदाची वेगळी. गुणोत्तर सांगितलं तर भागाकारात कोणकोण धरलंय ते विचारा. आणि ‘पद रद्द’ आहे की ‘रिक्त पद भरणार नाही’ आहे, तेही विचारा. माणूस घरी जात नसला तरी दुसऱ्या प्रकारात काम तेवढंच कमी होतं.

मी हा हिशेब एप्रिलमध्ये पूर्ण केला. शिक्षण मंडळाची जाहीर सुनावणी मार्चअखेर होऊन गेली होती. तिथे प्रत्येकाला दोन मिनिटं मिळाली. फ्रेंचची मुलं निळे-पांढरे-लाल फलक घेऊन आली, छान बोलली आणि मंडळाने मार्ग काढला: फ्रेंच-३ आणि फ्रेंच-४ एकाच तासाला, एकाच खोलीत, मादाम अर्धा वेळ इकडे, अर्धा वेळ तिकडे. काउन्सेलरबद्दल एक आजोबा बोलले, नातवाविषयी, आणि मधेच त्यांचा वेळ संपला.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. काउन्सेलरकडे मुलं आडनावाच्या अक्षराने वाटलेली असतात आणि आमचं आडनाव पी पासून. दारावर पूर्वी ‘एल ते आर’ अशी पाटी होती. आता त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘पी ते झेड’ लिहिलंय, आणि आतल्या बाई नवीन आहेत. लेकीला विषय बदलायचा होता, तिने पहिल्याच दिवशी ऑनलाइन वेळ मागितली. मिळाली तेवीस दिवसांनंतरची. विषय बदलायची मुदत दहा दिवसांची होती.